उपचार की अंत? : परसातील आजारी कोंबडी आणि पहिले शील

धम्मप्रवचनानंतर उपासक-उपासिका जे प्रश्न विचारतात, त्यांतील काही अनात्मवादाविषयी वा निब्बाणाविषयी असतात. परंतु पुष्कळसे प्रश्न घराच्या उंबरठ्याशीच उभे असतात. खेड्यापाड्यांतील उपासिकांकडून येणारा असाच एक प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. खुराड्यातील कोंबडी आजारी पडली, मान टाकून बसली, दाणा टिपेनाशी झाली, तर पंचशील ग्रहण केलेल्या माणसाने काय करावे? तिचे औषधपाणी करावे, की तिच्या यातना संपवाव्यात? आणि यातना संपविल्या, तर पहिले शील भंगले असे मानावयाचे काय?

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. भूमिहीन वा अल्पभूधारक कुटुंबात पाच-दहा गावठी कोंबड्या ही पुष्कळदा घरातील स्त्रीच्या स्वतःच्या हातातील एकमेव मालमत्ता असते. अंड्यांच्या पैशातून मीठमिरची येते, मुलांच्या वह्या येतात. एका आजारी कोंबडीच्या औषधाचा खर्च कित्येकदा तिच्या किमतीहून अधिक होतो. त्याच वेळी ही स्त्री दर पौर्णिमेला विहारात हात जोडून प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील ग्रहण करीत असते. एकीकडे शील, दुसरीकडे संसार आणि मध्ये धापा टाकणारा जीव, असा हा पेच आहे.

या पेचावर सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. “कोंबडीच ती, तिचा एवढा विचार कशाला?” हे पहिले उत्तर. “मारणे हे पाप, तेव्हा तिला तिच्या मरणाने मरू द्यावे” हे दुसरे. पहिल्या उत्तरात करुणा नाही आणि दुसऱ्यात प्रज्ञा नाही. शिवाय उपचारही करावयाचा नाही आणि मारावयाचेही नाही, अशा वेळी माणूस एक तिसरीच वाट धरतो. तो ती कोंबडी बाजारात विकून मोकळा होतो, किंवा उकिरड्याच्या कडेला टाकून देतो. आमच्या मते शीलाचा खरा भंग बहुधा या तिसऱ्या वाटेवर होतो. परंतु तेथे हाताला रक्त लागत नसल्यामुळे तो कोणाच्या ध्यानात येत नाही. हे म्हणणे स्पष्ट करण्यासाठी प्रथम शीलाचे स्वरूप पाहू आणि मग खुराड्याकडे वळू.

पहिल्या शीलाची पाच अंगे

प्राणातिपात केव्हा घडला असे म्हणावयाचे, याचे विवेचन पाली अट्ठकथांनी अत्यंत काटेकोरपणे केले आहे. त्यासाठी पाच अंगे सांगितली आहेत : पाणो, म्हणजे समोर जिवंत प्राणी असणे, पाणसञ्ञिता, म्हणजे तो जिवंत आहे याची जाणीव असणे, वधकचित्त, म्हणजे मारण्याचा हेतू असणे, उपक्कम, म्हणजे त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि त्या प्रयत्नाने झालेले मरण. ही पाचही अंगे जुळली तरच प्राणातिपात पूर्ण होतो.

या विश्लेषणातून घरगुती शंकांपैकी निम्म्या शंका आपोआप मिटतात. बरे व्हावे या हेतूने कोंबडीला औषध पाजले आणि ती दगावली, तर तेथे वधकचित्त नाही. म्हणून शीलभंगही नाही. रात्री खुराड्याचे दार लावताना अनवधानाने एखादे पिल्लू चिरडले, तर तेथेही तो हेतू नाही. अशा प्रसंगांबद्दल वर्षानुवर्षे मनाला टोचणी लावून घेण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी अधिक सावध राहणे एवढेच कर्तव्य उरते.

विनयपिटकात पक्ष्यांच्या वधाचा एक प्रसंग आला आहे, तोही येथे उद्बोधक आहे. भिक्खू उदायी हा निष्णात धनुर्धर होता आणि त्याला कावळे मुळीच आवडत नसत. त्याने कावळे मारले, त्यांची मुंडकी छाटली आणि ती शूलावर ओळीने लावून ठेवली. या प्रसंगावरून भिक्खूंसाठी जाणूनबुजून प्राण्याचा जीव घेण्याविषयीचा पाचित्तिय नियम घालून देण्यात आला. ते कावळे आजारी नव्हते, त्यांच्यापासून कोणाला उपद्रव असल्याचेही सांगितलेले नाही. मूळ होते ते उदायीच्या मनातील नावडीत. वधाच्या प्रश्नात आधी तपासावयाचे ते मारणाऱ्याचे चित्त, ही गोष्ट या प्रसंगातून स्पष्ट होते.

अट्ठकथाकारांनी आणखी एक भेद केला आहे. सर्व प्राणिवध सारख्याच दोषाचे नसतात. प्राण्याचे आकारमान, त्याचे गुण, मारणाऱ्याच्या विकाराची तीव्रता आणि प्रयत्नाची उग्रता यांनुसार दोष अल्प किंवा महान ठरतो. म्हणजे परंपरेनेही येथे सरसकट एकच माप लावलेले नाही.

करुणेने केलेला वध : विनयातील दोन प्रसंग

“तिच्या यातना पाहवेनात म्हणून मारले” असे म्हटल्याने प्रश्न सुटतो काय? याबाबत प्राचीन परंपरेचे उत्तर आपल्याला सोयीचे नाही, परंतु ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे.

तिसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात दोन प्रसंग येतात. एकात काही भिक्खू एका आजारी भिक्खूची दया येऊन त्याच्याजवळ मरणाची प्रशंसा करतात आणि त्यामुळे तो मरण पावतो. दुसऱ्यात एक भिक्खू वधस्थानी जाऊन मारेकऱ्याला सांगतो, की या माणसाला क्लेश देऊ नकोस, एकाच घावात संपव. दोन्ही ठिकाणी प्रेरणा करुणेची दिसते. तरीही दोन्ही ठिकाणी भिक्खू पाराजिक ठरले, म्हणजे संघातून कायमचे बाद झाले. अभिधम्माच्या टीकाकारांनी तर पुढे जाऊन असे म्हटले आहे, की एखादा राजा हसत हसत वधाची आज्ञा देत असला, तरी त्या निर्णयाच्या क्षणीचे चित्त द्वेषमूलकच असते. वरवर दिसणाऱ्या भावनेच्या तळाशी “हे नको” असा एक नकार असतो, असा त्यांचा आशय आहे.

हे दोन्ही प्रसंग मनुष्यवधाचे आहेत आणि भिक्खूंच्या नियमांतील आहेत. ते जसेच्या तसे गृहस्थाच्या खुराड्याला लावता येणार नाहीत. पशुपक्ष्यांच्या वधासाठी भिक्खूलाही पाराजिक नाही, पाचित्तिय आहे. आणि गृहस्थाचे शील हे स्वेच्छेने स्वीकारलेले शिक्षापद आहे, त्याच्यावर कोणते न्यायालय बसत नाही. तरीपण या प्रसंगांतून एक इशारा निश्चित मिळतो. करुणा हा शब्द उच्चारताना आपण स्वतःला तपासले पाहिजे. यातना कोणाला सहन होत नाहीत, कोंबडीला की आपल्याला? दिवसातून चार वेळा पाणी पाजण्याचा कंटाळा हाच करुणेचे नाव धारण करून आलेला नाही ना?

तत्त्व आणि नियम

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात अहिंसेचे जे विवेचन केले आहे, ते या ठिकाणी निर्णायक ठरते. बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळे ठेवते. भगवान बुद्धांनी अहिंसा नियम म्हणून सांगितली नाही, ती जीवनमार्गाचे तत्त्व म्हणून सांगितली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याच विवेचनात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील फरक स्पष्ट केला. मारण्याची इच्छा धम्माला सर्वथा अमान्य आहे. गरजेचा प्रश्न मात्र विवेकाने सोडवावयाचा आहे.

आजारी कोंबडीपुरता हा फरक लावून पाहू. मारण्यास आमचा विरोध आहे, औषधास नाही, असे कोणी म्हणेल. परंतु पोटातील जंतांचे औषध म्हणजे जंतांचा नाशच होय. पंखांखालच्या उवा-पिसवांवर टाकलेली पूड त्या जिवांना मारण्यासाठीच असते. अहिंसा हा जर अपवादरहित नियम असेल, तर वधच काय, कित्येक उपचारही बंद करावे लागतील. नियमाच्या वाटेने गेले तर कोंबडी बरी करणेही अशक्य होते. तत्त्वाच्या वाटेने गेले तर कमीत कमी दुःख कशाने होईल, हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर शोधता येते.

अर्थात तत्त्वाची वाट सोपी नाही. “गरज होती” असे म्हणून काहीही खपविता येते. म्हणून गरज ही केवळ सांगून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. आणि सिद्ध करण्यासाठी रोगाचे ज्ञान लागते. येथे प्रज्ञेचे काम सुरू होते.

तीन प्रकारचे रुग्ण

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात एक छोटेसे सुत्त आहे. त्यात भगवंतांनी तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. पहिला, औषध मिळो वा न मिळो, बरा न होणारा. दुसरा, औषध मिळो वा न मिळो, बरा होणारा. तिसरा, औषध व शुश्रूषा मिळाली तरच बरा होणारा. औषधोपचाराचे विधान या तिसऱ्यासाठी आहे. परंतु त्याच्या निमित्ताने पहिल्या दोघांचीही शुश्रूषा करावी, असे सुत्त सांगते. हे सुत्त मनुष्यरुग्णांविषयी आहे आणि त्याचा मूळ हेतू धम्मश्रवणाचा दृष्टान्त देण्याचा आहे. तरीही खुराड्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला याहून उपयुक्त वर्गीकरण सापडणे कठीण आहे.

त्याआधी एक खबरदारी घ्यावी. बसून राहणारी प्रत्येक कोंबडी आजारी नसते. खुडूक झालेली कोंबडी दिवसच्या दिवस एका जागी बसते, अंग फुगविते, कमी खाते. पिसे झडण्याच्या काळात कोंबडी अंडी देणे थांबविते आणि मलूल दिसते. या दोन्ही अवस्था निसर्गक्रमातील आहेत.

आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगांत कोंबड्यांच्या देवीचा कोरडा प्रकार येतो. तुऱ्यावर आणि चेहऱ्यावर काळपट खपल्या धरतात. हा विषाणूचा रोग डासांमार्फतही पसरतो. कोंबडी खात-पीत असेल तर बहुधा तीन-चार आठवड्यांत खपल्या गळून पडतात. जंतुनाशक लावून खपल्या स्वच्छ ठेवाव्यात आणि कोंबडी वेगळी ठेवावी, एवढे पुरते. मात्र तोंडात व घशात चट्टे आले तर तो ओला प्रकार होय. तो धोक्याचा आहे.

उपचारानेच बऱ्या होणाऱ्या व्याधी पुष्कळ आहेत. लहान पिल्लांची रक्ती हगवण पशुवैद्यकाने दिलेल्या औषधाने वेळीच आटोक्यात येते. दोन-तीन दिवसांचा उशीर मात्र जिवावर बेततो. जंत, उवा, किरकोळ जखमा, तळपायाची गाठ यांवर उपाय आहेत. अंडे अडकलेल्या कोंबडीचा मागचा भाग कोमट पाण्यात काही वेळ ठेवून तिला उबदार, शांत जागी ठेवल्यास पुष्कळदा अंडे बाहेर येते. अशा कोंबड्यांना “वाचणार नाही” म्हणून मारणे याला गरज म्हणता येणार नाही. ते अज्ञान आहे.

उपचाराने बरे न होणाऱ्यांत सर्वांत परिचित रोग म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत. कुमाऊँमधील राणीखेत या गावावरून आपल्याकडे हे नाव रूढ झाले. हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास घेणे, पाय लुळे पडणे, मान पिळवटणे ही त्याची लक्षणे होत. लस न टोचलेल्या कळपात या रोगाने खुराडेच्या खुराडे रिकामे होते. हा विषाणूचा रोग असल्यामुळे प्रतिजैविकांनी तो बरा होत नाही. मरेक्स या रोगात एक पाय पुढे व एक मागे पसरून कोंबडी लुळी पडते. त्यावरही औषध नाही. कुत्र्याने वा मुंगसाने पाठीचा कणा मोडलेली कोंबडी याच वर्गात येते.

तथापि येथेही घाई करू नये. मानमोडीतून वाचलेल्या काही कोंबड्यांची मान कायमची वाकडी राहते. हाताने भरविल्यास त्या जगू शकतात. तेव्हा वाकडी मान हे एकटे लक्षण अंत करण्यास पुरेसे कारण नव्हे.

निर्णयाची कसोटी

वरील विवेचनावरून गरज सिद्ध झाली की नाही, हे ठरविण्यासाठी आम्ही पाच प्रश्न सुचवितो. रोग वा इजा नेमकी काय आहे, हे जाणकाराकडून समजून घेतले आहे काय? त्यावर उपचार असल्यास तो केला आहे काय? कोंबडी स्वतःहून पाणी पिते, उभी राहते, श्वास सुखाने घेते काय? तिच्यामुळे इतर पक्ष्यांना वा माणसांना धोका आहे काय? आणि शेवटचा प्रश्न, हा निर्णय तिच्या दुःखासाठी आहे, की आपल्या सोयीसाठी?

पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांचा सल्ला शक्य तेथे अवश्य घ्यावा. मेलेली एक कोंबडी तपासणीसाठी त्यांच्यापर्यंत पोहोचली, तर उरलेल्या दहांचा निर्णय सोपा होतो. खर्च परवडत नाही म्हणून कोणी खजील होऊ नये. महावग्गात उत्तम शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य जाणणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न करणे आणि रुग्णाचे मन प्रसन्न ठेवणे. या यादीत पैशाचा उल्लेख नाही. आजारी कोंबडी वेगळ्या डालग्याखाली सावलीत ठेवणे, स्वच्छ पाणी तिच्या चोचीपर्यंत नेणे, मऊ शिजविलेले अन्न भरविणे, राख वा भुसा बदलणे, यांस पैसा लागत नाही. बरी न होणाऱ्या रुग्णाचीही शुश्रूषा करावी, या सुत्ताच्या वचनाचा खुराड्यातील अर्थ हाच होय.

एवढे करूनही कोंबडी पाणी गिळू शकत नाही, उठू शकत नाही, प्रत्येक श्वासासाठी झगडते आणि सुधारण्याची आशा जाणकारही देत नाही, अशी अवस्था येऊ शकते. तेव्हा तिला दोन-तीन दिवस तशीच तडफडत ठेवणे यात शीलाचे रक्षण आहे असे आम्हांस वाटत नाही. अशा वेळी पशुवैद्यकाने, आणि ते शक्य नसेल तर ज्याचा हात सरावाचा आहे अशा माणसाने, क्षणात आणि वेदना न वाढविता तिचा अंत करावा. नवख्याने प्रयोग करू नये, आणि मुलांना हे काम सांगू नये.

येथे एका पळवाटेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. “आम्ही मारली नाही, दुसऱ्याकडून मारविली” असे म्हणून मन शांत करता येत नाही. अट्ठकथांनी प्रयत्नाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत स्वहस्ते केलेला पहिला आणि आज्ञा देऊन करविलेला दुसरा आहे. आज्ञा देणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. आणि हे आपल्या समाजाने तर विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. अप्रिय कामे दुसऱ्याच्या माथी मारावयाची, त्या कामासाठी त्याला हीन लेखावयाचे आणि आपण शुद्ध राहिलो असे मानावयाचे, ही रीत आपण शतकानुशतके सोसली आहे. ती आपल्या खुराड्याशी पुन्हा सुरू होऊ नये. ज्याच्या हाताने हे काम झाले, त्याच्याइतकेच ते आपलेही आहे, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा.

मग शील भंगले काय? परंपरेच्या विश्लेषणानुसार पाचही अंगे येथे जुळतात, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र विकाराची तीव्रता नसलेल्या अशा कृतीचा दोष अल्प ठरतो, हेही तीच परंपरा सांगते. बाबासाहेबांच्या विवेचनानुसार येथे मारण्याची इच्छा नसून गरज आहे. दोन्ही एकत्र घेतल्यास आमचा निष्कर्ष असा, की गरज सिद्ध झाल्यावर हे काम करावे; पुण्य म्हणून ते मिरवू नये आणि पाप म्हणून त्यावर कुढतही बसू नये.

तिसरी वाट

आता ज्या वाटेचा उल्लेख आरंभी केला, तिच्याकडे वळू. कळपात रोग शिरला की उरलेल्या कोंबड्या घाईघाईने आठवडी बाजारात नेण्याची रीत अनेक गावांत आहे. नुकसान टाळण्याची ती धडपड समजण्यासारखी असली, तरी तिचे परिणाम पाहावेत. वरून निरोगी दिसणारी कोंबडी रोगाचे विषाणू घेऊन दुसऱ्याच्या खुराड्यात जाते. तेथेही अशीच एखादी गरीब उपासिका असते, तिचाही अंड्यांचा पैसा बुडतो. विकणाऱ्याने रोग लपविला, म्हणजे मृषावाद झाला. दुसऱ्याचे धन बुडविले, म्हणजे दुसऱ्या शीलाच्या आशयालाही बाध आला. एका कोंबडीचा जीव घेतला नाही या समाधानात पन्नास कोंबड्यांच्या मरणाचे कारण आपण झालो, याचा हिशेब राहून जातो.

मरणोन्मुख वा मेलेली कोंबडी शिजवून खाणे ही दुसरी सवय. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावरांचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन बाबासाहेबांनी केले. त्यामागे स्वाभिमानाचा विचार होता आणि तो आजही तितकाच खरा आहे. त्यात आरोग्याचे कारण मिळवावे. नीट शिजलेल्या मांसापेक्षा आजारी पक्षी हाताळण्यात, सोलण्यात आणि त्याचे रक्त-विष्ठा घरात येण्यात अधिक धोका असतो. औषध दिलेल्या कोंबडीची अंडी व मांसही पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस उलटेपर्यंत खाऊ नये.

तिसरी सवय म्हणजे रोगाची साथ आली की देवऋषाच्या सांगण्यावरून धडधाकट कोंबडे उतरून कापणे. दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात आदर्श यज्ञाचे वर्णन आहे. त्यात गायी, शेळ्या-मेंढ्या, तसेच कोंबड्या आणि डुकरे मारली गेली नाहीत, असा स्पष्ट उल्लेख आहे. निरोगी पक्षी कापल्याने रोगी पक्षी बरा होत नाही. ही गरज नव्हे. बाबासाहेबांच्या शब्दयोजनेत सांगावयाचे तर ही मारण्याची इच्छाच होय.

साथ : जेव्हा निर्णय एका घराचा राहत नाही

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची देशातील पहिली नोंद झाली. त्यानंतर मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत तो परसातील कोंबड्यांमध्येही आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे त्याच रोगाने कोंबड्या दगावल्या. अशा वेळी ठराविक परिघातील सर्व पक्षी, निरोगी दिसणारेसुद्धा, शासनामार्फत नष्ट केले जातात. आपल्या दारातील धडधाकट कोंबडी पोत्यात भरून नेली जात असताना पाहणे हे कोणत्याही उपासिकेला दुःखदायकच आहे.

परंतु हा रोग माणसालाही होऊ शकतो आणि तो झाल्यास प्राणघातक ठरू शकतो. गरज आणि इच्छा यांतील फरक सामाजिक पातळीवर कसा दिसतो, याचे हे उदाहरण आहे. येथे व्यक्तीचे कर्तव्य दोन प्रकारचे आहे. एक, अचानक आणि एकाच वेळी अनेक पक्षी मरू लागले तर लपवाछपवी न करता ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानेही मालकावर ही जबाबदारी टाकली आहे. दुसरे, पक्षी लपवून न ठेवणे. शासनाची भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी असते, आधीच मेलेल्यांसाठी नसते; म्हणून उशिरा कळविणाऱ्याचे आर्थिक नुकसानही अधिक होते. ही भरपाई वेळेवर आणि पूर्ण मिळावी, परसातील पाच कोंबड्यांची नोंदही मोठ्या व्यावसायिकाच्या पाच हजार कोंबड्यांइतक्याच काळजीने व्हावी, असा आग्रह धरण्याचा उपासिकेला पुरेपूर अधिकार आहे. करुणेने न्यायाची मागणी सोडून द्यावी असे धम्म सांगत नाही.

मेलेले पक्षी विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. उघड्या हातांनी त्यांना स्पर्श करू नये, नंतर साबणाने हात धुवावेत आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

दया आणि पालन

१९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांविषयी आहे. तिच्यात दया आहे आणि तिच्याबरोबर पालनही आहे. दया प्रसंगी जागी होते, पालन रोज करावे लागते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतही हा जोड दिसतो. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. पाचव्या स्तंभलेखात अनेक प्राण्यांना अभय देताना कोंबड्यांना खच्ची करण्यासही मनाई केली आहे. तेवीस शतकांपूर्वीच्या राज्यकर्त्याला कोंबड्याच्या वेदनेची दखल राजाज्ञेत घ्यावीशी वाटली, ही गोष्ट लहान नव्हे.

पालनाचा आजचा सर्वांत सोपा अर्थ लसीकरण हा आहे. मानमोडीवर औषध नाही, पण लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यांत वा नाकात थेंब टाकून पहिली लस देतात आणि सुमारे आठ आठवड्यांच्या वयात दुसरी टोचतात. अडचण एवढीच, की लसीची कुपी बहुधा शंभर वा अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या एका घराला ती परवडत नाही. परंतु दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरविला, तर एक कुपी सर्वांना पुरते. विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी वर्षातून दोन-तीन वेळा पशुवैद्यकांच्या साहाय्याने असा लसीकरणाचा दिवस ठेवल्यास पहिल्या शीलाचे त्याहून प्रत्यक्ष आचरण कोणते असेल? लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावयाची असते, म्हणून साथीची वाट पाहू नये. नवे पक्षी विकत आणल्यावर त्यांना दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे, खुराडे कोरडे व हवेशीर असावे, पाण्याचे भांडे रोज घासावे.

उपचार की अंत, हा प्रश्न ज्या घरात क्वचित उद्भवतो, तेथे पहिल्या शीलाचे पालन अधिक चांगले होत आहे, असे आम्ही मानतो. आणि जेव्हा तो उद्भवेल, तेव्हा उपासिकेने आधी रोग ओळखावा, नंतर उपचार करावा, मग आपले चित्त तपासावे आणि या सर्वांनंतर जो निर्णय होईल तो स्वतःचा म्हणून स्वीकारावा. आजारी जीव शेजाऱ्याच्या खुराड्यात किंवा ओढ्याच्या काठी ढकलून मिळविलेल्या निष्पापपणाला मात्र धम्मात स्थान नाही.